लीलाबाईंचा तांदूळ राज्याबाहेर जातो

राजगडाखालच्या गुंजवण्यात लीलाबाईंच्या कणगीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. घर सिमेंटचं झालं, चुलीशेजारी गॅस आला, मुलगा अजित शिरवळच्या कंपनीत लागून घरात रविवारचा पाहुणा झाला, पण माजघरातली बांबूची कणगी होती तिथेच राहिली. दिवाळीनंतर भात झोडून, वारवून आत पडलं की लीलाबाई शेणमातीनं तिचं तोंड लिंपून टाकायच्या. मग ते उघडायचं कधी, काढायचं किती आणि द्यायचं कुणाला, हे सगळं त्यांच्याच मर्जीनं चालायचं. सून संजीवनी मोठी कर्ती बाई. बचत गटाची अध्यक्ष, वेल्ह्याच्या कचेरीत साहेबासमोर खुर्ची ओढून बसणारी. पण कणगीपाशी आली की तीही आधी विचारायची.

यंदा या कणगीवरूनच सासू-सुनेत अबोला झाला होता.

झालं असं. डिसेंबरात बेळगावचे काही लोक राजगड चढायला आले होते. उतरताना त्यांनी संजीवनीकडे जेवण सांगितलं. त्यांच्यात सौदामिनीताई म्हणून एक बाई होत्या, त्यांची बेळगावात विद्यार्थ्यांची खानावळ. त्यांनी इंद्रायणीचा मऊ भात दोनदा मागून घेतला, जाताना दोन किलो तांदूळ नेला, आणि आठ दिवसांनी फोन केला. पोरं आता दुसरा भात खायला तयार नाहीत म्हणाल्या. जानेवारीअखेर दहा पोती पोचवलीत तर वर्षभर तुमच्याकडूनच घेईन, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल.

संजीवनीनं हिशेब बसवला. चार पोती घरची, सहा गटातल्या बायकांची. बायका खूश होत्या, पण सगळ्यांचं उत्तर एकच आलं. लीलाआत्यांनी कणगी उघडली तर आमी बी उघडू.

आणि लीलाबाईंनी साफ नाही म्हटलं. बेळगाव कर्नाटकात आहे, राज्याच्या बाहेर तांदूळ न्यायचा नसतो, नाक्यावर पोलीस धरतात, एवढंच त्यांचं म्हणणं. संजीवनीला ते ऐकून हसू आलं. फार नाही, जरासंच. पण लीलाबाईंना ते लागलं. त्या उठून परसात गेल्या, आणि त्या दिवसापासून चहा ठेवला, भाकरी झाली, एवढ्यापुरतंच दोघींचं बोलणं उरलं. संजीवनीला वाटलं, म्हातारीचा हट्ट आहे. लीलाबाईंना काय वाटत होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नात मिताली शाळेतून रडत आली. ती सहावीत. सव्वीस जानेवारीला भोरला संविधानावर भाषणांची स्पर्धा होती आणि वर्गात विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला समानता आली, कुणाला शिक्षणाचा हक्क आला, शेजारच्या श्रेयसला तर नुसता तिरंगा आला. मितालीची चिठ्ठी उघडली तर आत लिहिलेलं, आंतरराज्य व्यापार आणि संसदेचे अधिकार. बाईंनी बदलून देते म्हटलं होतं. पण श्रेयस खिदळला, तेव्हा हिनं हट्टानं चिठ्ठी दप्तरात घातली, आणि घरी येईपर्यंत दम धरून उंबऱ्यात रडायला सुरुवात केली.

लीलाबाईंनी तिचं तोंड धुतलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तिला दोन घरं सोडून साहेबराव गुरुजींकडे पाठवलं.

साहेबराव गुरुजी लीलाबाईंचे चुलत दीर. वेल्हे तालुक्यातल्या नऊ शाळांतून फिरून निवृत्त झालेले. गावातल्या आजोबांपासून नातवापर्यंत निम्म्या माणसांना त्यांनी बाराखडी शिकवली होती. त्यांचं शिकवणं तसं सोपं, पण एक अट असायची. मूल धडा शिकलं की तो घरातल्या न शिकलेल्या माणसाला सांगायचा. त्या माणसाला कळला तर धडा झाला, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. पोरं म्हणायची, गुरुजींची परीक्षा आईबाप देतात.

मितालीच्या घरात न शिकलेलं माणूस एकच होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी लीलाबाई ओट्यावर पावटे सोलत बसायच्या, मिताली समोर उभी राहून हात हलवत बोलायची, आणि गुरुजी पायरीवर बसून ऐकायचे.

पहिले दोन दिवस लीलाबाईंना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. तीनशे एक, तीनशे दोन असे कलमांचे आकडे यायचे. संघसूची यायची, राज्यसूची यायची. त्या मान हलवायच्या, कारण पोरगी मनापासून बोलत होती. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचे हात थांबले.

"सारकं राज्य राज्य करतीयास," त्या म्हणाल्या. "पर राज्य आलंय कुणावर?"

मितालीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती पोट धरून हसायला लागली. शिवणापाणी खेळताना ज्यानं बाकीच्यांना पकडायचं असतं त्याच्यावर राज्य येतं, ते राज्य आजीनं धरलं होतं. "आजी, त्ये राज्य न्हाई गं. महाराष्ट्र राज्य. खेळातलं न्हाई."

लीलाबाई ओशाळल्या. पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून त्यांनी मान खाली घातली. आधी सून हसली होती, आता नात.

पण गुरुजी हसले नव्हते. ते पायरीवरून उठून ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मिताले, हसू नगंस. वयनीनं जे इचारलं ते तुझ्या साऱ्या भाषणात न्हाई. खेळाचंच बोलू. तुमी शिवणापाणी खेळता, तुझ्यावर राज्य आलं. आणि तू म्हनलीस, माझ्या अंगणातनं कुणी जायचं न्हाई, जायचं आसंल तर मला पेरू द्या. चालंल का?"

"न्हाई चालणार. राज्य आलेल्यानं नेम करायचा नसतो."

"मग नेम कुणी करायचा?"

"समद्यांनी. खेळ सुरू व्हायच्या आदी, गोल करून."

"त्यो गोल म्हंजी संसद," गुरुजी म्हणाले.

मितालीचं तोंड उघडंच राहिलं. लीलाबाईंनीही मान वर केली.

मग गुरुजींनी घाई न करता सांगितलं. आपल्या देशात इतकी राज्यं आहेत. प्रत्येकाला वाटतं, माझा माल दुसऱ्याच्या अंगणात विकला जावा, दुसऱ्याचा माझ्या अंगणात नको. प्रत्येकानं असा आपापला नियम केला तर खेळ एका दिवसात मोडेल. म्हणून संविधानानं आधीच सांगून ठेवलं, की देशभर व्यापार मोकळा. राज्याच्या आतल्या बाजाराचं राज्यानं बघावं, पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाचा कायदा करायचा अधिकार सगळ्यांनी मिळून बसायच्या जागेला दिला. राज्यानं बाहेरच्या मालावर कर घेतला तरी आपल्या तसल्याच मालावर घेतं त्यापेक्षा जास्त घ्यायचा नाही. लोकांच्या भल्यासाठी एखादा निर्बंध घालायचा असेल तर आधी राष्ट्रपतींची परवानगी घ्यायची.

मितालीनं वही काढून भराभर लिहायला सुरुवात केली. गुरुजी तिच्या पेन्सिलीसाठी थांबले. लीलाबाईंनी पावट्याची शेंग हातात धरली होती, ती सोलायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मंग आमच्या टायमाला कुणी नेम केला हुता?"

गुरुजींनी विचारलं, कसला नेम.

मग लीलाबाईंनी सांगितलं. त्र्याहत्तरचा उन्हाळा, मोठ्या दुष्काळातला. त्यांचं लग्न होऊन आठ महिने झालेले, वय सोळा. माहेर नीरेपलीकडे, शिरवळच्या अंगाला. आई तापानं पडली आणि निरोप आला, की तिला मऊ भात खावासा वाटतोय. तिकडे तांदूळ डोळ्याला दिसत नव्हता. सासूनं कणगीतून दोन पायल्या आंबेमोहर काढून दिला. लीलाबाईंनी तो लुगड्यात बांधला, एसटीत सीटखाली ठेवला आणि वर पाय घेऊन बसल्या. नदीच्या पुलाअलीकडे नाका होता. गाडी थांबली, दोन माणसं वर चढली आणि त्यांनी विचारलं, तांदूळ कुणाकडं आहे. जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. ते लीलाबाईंना ठाऊक नव्हतं, आणि विचारणाऱ्याचा आवाज असा होता, की जीभ टाळ्याला चिकटली. माणसांनी गाठोडं ओढून काढलं. आख्खी गाडी बघत होती. कुणीतरी मागून म्हणालं, लहान दिसते पण चोर आहे.

"माज्या शेतातला हाय, येवढं सुदिक माज्यानं बोलवलं न्हाई," लीलाबाई म्हणाल्या. "आय म्हनली, तू आलीस ह्येच लई झालं. आन् जोंधळ्याच्या कण्या खाल्ल्या तिनं."

आत भाकरी थापायचा आवाज मघाच थांबला होता. संजीवनी पिठाच्या हातानं दारात उभी होती. आपण कशाला हसलो होतो ते तिला आत्ता कळलं. ती सासूच्या मागे येऊन बसली आणि सुपातल्या शेंगा आपल्याकडे ओढून सोलायला लागली.

मितालीला राग आला होता. ती गुरुजींनाच जाब विचारायला लागली, की व्यापार मोकळा होता तर आजीचा तांदूळ कसा काय घेतला. गुरुजींनी तिला तिच्याच वहीतलं पुढचं कलम वाचायला लावलं. लोकांच्या हितासाठी संसदेला निर्बंध घालता येतात. त्या वर्षांत देशात धान्यच कमी होतं. धान्य जिकडे जास्त पैसे तिकडे पळून जाईल आणि गरीब उपाशी राहतील, म्हणून संसदेच्या कायद्याच्या आधारानं सरकारांनी बंद्या घातल्या होत्या.

"खेळात कुणाच्या पायात काटा गेला तर तू काय करतीस?"

"टाइमप्लीज म्हणते," मिताली म्हणाली. "समदे थांबत्यात."

"ती टाइमप्लीज हुती."

"आन् एखाद्या राज्यात धान्यच न्हाई पिकलं तर?" मितालीनं विचारलं.

"तर ते कच्चं लिंबू. त्याला जरा सांबाळून घ्यायचं. एरवी संसदेनं बी एका राज्याला जवळ आन् दुसऱ्याला लांब करायचं न्हाई. टंचाईतच तेवढी मुभा."

मिताली पुन्हा लिहायला लागली. कच्चं लिंबू हे शब्द तिनं दोनदा अधोरेखित केले. लीलाबाई मात्र गुरुजींकडे बघत राहिल्या होत्या. त्यांना टाइमप्लीज हा शब्द नवा होता, पण गोष्ट कळली होती.

"मंग ती उठली कवा?" त्यांनी विचारलं.

"उठून लई वर्सं झाली आसतील, वयनी."

"मला कुणी सांगितलं?"

गुरुजींच्या ध्यानात आलं. पन्नास वर्षं ही बाई एका खेळात थांबून राहिली होती आणि बाकीचे सगळे केव्हाच पळायला लागले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "न्हाई सांगितलं कुणी. त्ये काम आमचं मास्तरांचं हुतं. आमी पोरांला कलमं पाठ करून घेतली, आन् घरात जाऊन मोठ्यांला सांगायचं राहिलं."

लीलाबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाल्या, उठली असेल असं नको. उठली का नाही, ते नक्की सांगा.

गुरुजींना हे पटलं. त्यांनी आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं होतं, की ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं आणि शोधायला जावं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते भोरला गेले. तिथे त्यांचा जुना विद्यार्थी मंदार वकिली करत होता. त्यानं गुरुजींना चहा पाजला, दोन ठिकाणी फोन केले, संगणकावर बघितलं, आणि सांगितलं की शेतकऱ्याचा घरचा सुटा तांदूळ कर्नाटकात न्यायला आज कसलीही बंदी नाही. बरोबर सातबाऱ्याचा उतारा ठेवा, कुणी विचारलं तर दाखवा. हे त्यानं आपल्या कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. कधीकाळी गुरुजींनी त्याला शुद्धलेखनासाठी उन्हात उभं केलं होतं, म्हणून कागद देताना तो म्हणाला, ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या. गुरुजींनी खरंच तपासलं आणि एक वेलांटी दुरुस्त केली.

तो कागद मितालीनं लीलाबाईंना तीनदा वाचून दाखवला. त्यांनी तो घडी घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला आणि कामाला लागल्या. संजीवनीनंही विषय काढला नाही. सौदामिनीताईंचा पुन्हा फोन आला, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की घरातल्या मोठ्या माणसाचं अजून ठरलेलं नाही, आणि त्यांचं ठरल्याशिवाय मी शब्द देणार नाही. लीलाबाई तेव्हा माजघरात होत्या. त्यांनी ते ऐकलं.

सव्वीस जानेवारीला सगळे भोरला गेले. मिताली स्टेजवर उभी राहिली आणि पहिलंच वाक्य विसरली. कलमांचे आकडे डोक्यातून गेले. समोरच्या रांगेत लीलाबाई बसल्या होत्या. मितालीनं त्यांच्याकडे बघितलं, आणि आजीला सांगायची तसं सांगायला सुरुवात केली. राज्य आलेल्यानं नियम करायचा नसतो इथपासून सुरुवात झाली, मग गोल आला, टाइमप्लीज आली, कच्चं लिंबू आलं. परीक्षक आधी एकमेकांकडे बघत राहिले, नंतर लिहायचं सोडून ऐकायला लागले. आकडे चुकल्यामुळे तिला उत्तेजनार्थ मिळालं. तिरंग्यावर बोलणाऱ्या श्रेयसला तेही मिळालं नाही, त्यामुळे तिचं समाधान झालं.

परतताना एसटीत लीलाबाईंनी संजीवनीला विचारलं, टेम्पोत पुढं किती माणसं बसतात.

"तीन बसत्यात की. का?"

"मंग मी संगं येणार. माजा तांदूळ माज्याबिगर नदीपल्याड जायाचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी कणगीचं तोंड फोडलं. ते बघायला गटातल्या बायका दारात जमल्या होत्या. बाळाबाई म्हणाली, आत्या, कागदावरची सही खरी हाय ना. लीलाबाई म्हणाल्या, न्हाईतर मला धरत्याल, तुला न्हाई, तू भात काढ. दुपारपर्यंत दहा पोत्यांचं भात गिरणीवर पोचलं, आणि तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गावातल्या पप्पूचा टेम्पो भरून उभा राहिला. लीलाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सातबारा आणि वकिलाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कणगी फोडल्या दिवसापासूनच कमरेला खोचलेला होता. मितालीलाही यायचं होतं, पण शाळा होती. ती टेम्पोमागे गावाबाहेरच्या वळणापर्यंत पळणार होती, तिला गुरुजींनी हाताला धरून थांबवलं.

नसरापूर गेलं, किकवी मागं पडली. शिरवळ जवळ यायला लागलं तसं लीलाबाईंनी बोलणं बंद केलं. संजीवनीला ते दिसत होतं. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.  पप्पू गाणी लावणार होता, त्याला तिनं नजरेनं दाबलं. मग पूल आला. नीरा खाली संथ पडली होती. टेम्पो एका दमात पुलावरून पलीकडे गेला, कुणी हात दाखवला नाही, कुणी बघितलंही नाही. लीलाबाईंनी मागे वळून काचेतून पुलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येवडाच हुता व्हय."

सातारा गेलं, कराड गेलं, कोल्हापूर गेलं. त्या दर गावाला विचारायच्या, कर्नाटक आलं का. मध्येच त्यांचा डोळा लागला. जागं झाल्यावर बघतात तर दुकानांच्या पाट्यांवर गोल गोल अक्षरं.

"पप्पू, हद्द कवा यायची?"

"हद्द कवाच गेली, आजी. तुमी घोरत हुता."

लीलाबाईंना त्याचा भारी राग आला. उठवलं का नाही म्हणून त्यांनी पप्पूला बोल लावला, संजीवनीला बोल लावला. पोलिसांपुढे काय बोलायचं ते त्या तीन दिवस मनात जुळवत होत्या. सगळं फुकट गेलं. संजीवनी हसायला लागली, आणि या वेळी लीलाबाईही हसल्या, पण तोंड फिरवून.

निपाणीच्या पुढे पप्पूनं चहासाठी टेम्पो उभा केला. लीलाबाई खाली उतरून पोत्यांना टेकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक वाहतूक पोलीस काठी हलवत टेम्पोकडे आला. संजीवनी पुढे होणार, तोच लीलाबाईंनी तिला हातानं मागं सारलं. कमरेची पिशवी काढली. मान ताठ केली.

"इंद्रायणी हाय," त्या म्हणाल्या. आवाज थोडा कापला, मग कापायचा थांबला. "माज्या शेतातला. गुंजवण्याचा. बेळगावला चाललाय."

पोलीस गोंधळला. त्यानं पोत्यांकडे बघितलं, लीलाबाईंकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "होय आज्जी, चांगलं आहे. पण गाडी जरा बाजूला घ्या, मागं बस अडकली आहे."

पप्पू चहा तसाच टाकून पळाला आणि त्यानं टेम्पो पुढे घेतला. पोलीस बसगाडीला वाट करून द्यायला निघाला होता. लीलाबाईंनी त्याला हाक मारून थांबवलं.

"सातबारा बगायचा न्हाई का?"

"नको आज्जी."

"बगा की. तीन दिस झालं कमरंला बांदून फिरतीया."

पोलिसानं पिशवीतून कागद काढला, उलटासुलटा करून बघितला, त्याला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि नीट घडी घालून, दोन्ही हातांनी तो लीलाबाईंना परत दिला.